हुंडी आणि रेशनकार्ड

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमधल्या एका रेशन दुकानाच्या रांगेत मी उभा होतो. कार्ड माझे नव्हते. आमच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरुण, त्याची बायको आणि कडेवरचे मूल माझ्यापुढे होते. तो जीन्सच्या कारखान्यात शिलाईचे काम करतो. गाव उत्तरेकडच्या एका राज्यात. कार्ड गावचे, आईच्या नावावरचे, त्यावर सहा माणसे. आईवडील आणि बहीण आपला वाटा गावी घेतात, हे तिघे आपला वाटा इथे घेतात. माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला १५ किलो. दीड वर्ष हे सुरळीत चालले होते.

त्या दिवशी दुकानदाराने कार्डाचा नंबर दाबला आणि मशीनवर आई, वडील, बहीण अशी तीनच नावे आली. दुकानदाराने दोनदा नंबर टाकून पाहिला. मग स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाला, "देख लो भाई, तुम्हारे तीनों के नाम ही नहीं हैं."

तिथून आम्ही शिधावाटप कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि खरे तेच सांगितले, "काका, हे कार्ड आमच्याकडचं नाही. आम्हाला ते दिसतं, पण त्यात काही करता येत नाही."

ते वाक्य घेऊन मी घरी आलो आणि वर्षभर त्याच्या मागे लागलो. दुसऱ्या राज्याचे कार्ड इथे 'दिसते' तरी कसे? आणि दिसत असेल, तर त्यात काही करता का येत नाही? हा लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांची उत्तरे.

मी संगणकातला माणूस नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षे भांडारात नोंदी ठेवल्या. माल आला, माल गेला, शिल्लक किती, आणि दोन वह्यांचा मेळ का बसत नाही, एवढेच मला कळते. पण सरकारी योजनांचे सॉफ्टवेअर हेही शेवटी वह्यांचेच काम आहे. वही कोणाची, तीत कोणी लिहायचे आणि दुसऱ्याने काय वाचायचे, हे ठरले की बाकीचे यंत्राचे काम.

दाखल्याचे दिवस

उल्हासनगर हे गावच मुळात बाहेरून आलेल्यांचे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत उतरलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालेले नामकरण, हा इतिहास इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. पुढे अंबरनाथला कारखाने आले, बदलापूरला स्वस्त घरे झाली आणि लोंढा लोकल गाड्यांबरोबर कर्जतच्या दिशेने सरकत गेला. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख होती. आज बदलापूरच्या फलाटावर सकाळी सात वाजता उभे राहिलेल्या कोणालाही ते आकडे जुने वाटतील. रेशनचा कोटा मात्र अजून त्याच जनगणनेवर चालतो.

अशा गावांत पूर्वी रेशनकार्ड मिळवायचे म्हणजे पहिला कागद लागे तो 'नाव कमी केल्याचा दाखला'. गावी जायचे, तिथल्या कार्डातून नाव कमी करून घ्यायचे, दाखला घेऊन इकडे यायचे, मग भाडेकरार आणि उत्पन्नाचा दाखला जोडून नव्या कार्डाचा अर्ज करायचा. अर्ज मंजूर होईपर्यंत माणूस ना तिथला, ना इथला. घरमालक भाडेकरार करून देत नसे, त्यामुळे पुष्कळांनी गावचे कार्ड गावीच ठेवले आणि इथे किराणा दुकानातून तांदूळ विकत घेतला.

२०१३चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून झाली. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो हा कायद्याने हक्क झाला. हक्क देशाचा, पण कार्ड राज्याचे, वही राज्याची आणि दुकान ठरलेले. संसदेने दिलेला हक्क जिल्ह्याची हद्द ओलांडली की संपत असे.

एका राज्याची वही दुसऱ्याने वापरली

रेशनव्यवस्थेच्या संगणकीकरणाची देशव्यापी योजना २०१२ साली मंजूर झाली. कार्डांची माहिती संगणकात भरणे, गोदामापर्यंतच्या मालाची नोंद ऑनलाइन करणे आणि शेवटी दुकानात अंगठ्याचे मशीन, म्हणजे ई-पॉस बसवणे, असे तिचे टप्पे होते. प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने काम केले. काहींनी स्वतःचे सॉफ्टवेअर लिहून घेतले, काहींनी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे घेतले.

इथे एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आंध्र प्रदेशात दुकानातल्या मशीनसाठी एनआयसीच्या हैदराबाद केंद्राने जी प्रणाली तयार केली, ती पुढे एकेका राज्याने उचलली. आंध्र, तेलंगण, बिहार, केरळ आणि महाराष्ट्र यांच्या ई-पॉसची सार्वजनिक पाने शेजारी शेजारी ठेवून पाहा. रंग आणि बोधचिन्हे वेगळी, पण रकाने तेच, अहवाल तेच आणि दुकान शोधायची रीतही तीच. माझ्या नजरेला हे प्रथम पडले तेव्हा कारखान्यातल्या दिवसांची आठवण झाली. शेजारच्या कंपनीच्या भांडारातले बिन कार्ड चांगले होते, म्हणून आम्ही तसेच छापून घेतले होते. त्यासाठी करार झाला नव्हता. काम नेटके चालताना पाहिले आणि उचलले, एवढेच.

राज्याराज्यांमधले सहकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या परिषदा येतात. प्रत्यक्षात ते पुष्कळदा असे सुरू होते. एका राज्याने चुका करत करत एक वही तयार करायची आणि दुसऱ्याने ती आयती घेऊन आपल्या भाषेत लिहायची.

९ ऑगस्ट २०१९

दुसऱ्या राज्याचे कार्ड इथे दिसू लागले ते या दिवसापासून. तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी दोन जोड्यांमध्ये हा प्रयोग सुरू केला. एक जोडी आंध्र प्रदेश आणि तेलंगणची, दुसरी महाराष्ट्र आणि गुजरातची. आपली जोडी विचारपूर्वक निवडलेली दिसते. नंदुरबार-धुळ्याचे आदिवासी मजूर दरवर्षी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. हद्दीवरच्या या लोकांना दोन राज्ये म्हणजे एकाच वर्षातले दोन हंगाम असतात.

१ जानेवारी २०२० रोजी १२ राज्ये जोडली गेली. त्यात गोवा आणि कर्नाटक होते, पण उत्तर प्रदेश आणि बिहार नव्हते. २५ मार्चला टाळेबंदी लागली. आमच्या भागातले शिलाई कामगार, गवंडी, रंगारी पायी निघाले ते त्या दिवसांत. उत्तर प्रदेश आणि बिहार १ मे २०२० रोजी जोडले गेले, तोवर रस्ते भरून गेले होते. पाच आठवडे उशीर झाला, असे कागदावर म्हणता येईल.

पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात आदेश दिला, की राहिलेल्या राज्यांनी ३१ जुलैपर्यंत ही योजना लागू करावी. शेवटचे राज्य आसाम, जून २०२२ मध्ये आले. अशा रीतीने ३६ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश तीन वर्षांच्या आत एका जाळ्यात आले. सरकारी कामाच्या मानाने हा वेग फार मोठा आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

मशीनच्या आत काय होते

महाराष्ट्राच्या कार्डाचा नंबर १२ अंकी असतो आणि २७ने सुरू होतो. २७ हा महाराष्ट्राचा सांकेतिक अंक. गुजरातचा २४, बिहारचा १०, उत्तर प्रदेशाचा ०९. कार्डाचा नंबर राज्याच्या अंकाने सुरू व्हावा, हे सर्वांनी मान्य केले. घरातल्या प्रत्येक माणसालाही आपापला क्रमांक मिळाला.

कॅम्प पाचच्या दुकानदाराने बाहेरचा नंबर दाबला की तो आधी केंद्राच्या सामाईक प्रणालीकडे जातो. तिथे सर्व राज्यांच्या लाभार्थ्यांची नोंद असते. हे कार्ड चालू आहे का, त्यावर माणसे कोण, या महिन्याचे किती धान्य उचलायचे राहिले आहे, एवढे विचारले जाते. उत्तर आले की कार्डावरच्या कोणाही एकाने अंगठा लावायचा, तो आधारशी ताडून पाहिला जातो. जुळला की पावती निघते, दुकानाच्या साठ्यातून माल वजा होतो आणि गावच्या कार्डावर तेवढी उचल चढते. म्हणून आईने गावी १५ किलो घेतले, तर इथे १५च शिल्लक दिसतात.

हिशेबाचा प्रश्न सुटला तो एका जुन्या गोष्टीमुळे. धान्य दोन्हीकडे केंद्रीय साठ्यातलेच, भारतीय अन्न महामंडळाने दिलेले. दरही देशभर एक, आणि १ जानेवारी २०२३ पासून तर ते मोफतच आहे. त्यामुळे 'तुझ्या माणसाला मी दिलेले' किलो नंतर वळते करून घेता येतात.

नीट पाहिले तर राज्यांनी एकमेकांची वही घेतली नाही. नंबर कसा लिहायचा, प्रश्न कोणता विचारायचा, उत्तर कोणत्या रूपात द्यायचे आणि हिशेब कसा मिटवायचा, या चारच गोष्टी ठरल्या. बाकी सगळे ज्याचे त्याच्याकडे राहिले. काम लवकर झाले ते यामुळे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे बेरोजगारी भत्ता राज्ये देतात. कोलोरॅडो, ॲरिझोना, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटा या चार राज्यांनी मिळून एकच नवे सॉफ्टवेअर करायचे ठरवले. प्रत्येकाचे नियम वेगळे, प्रत्येकाचे खाते वेगळे. शेवटी तो गट पांगला. त्याच देशात गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या पोषणाची 'विक' नावाची योजना आहे. तिच्यासाठी नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि अलाबामा यांनी 'क्रॉसरोड्स' ही एक प्रणाली मिळून वापरली. या योजनेचा गाभा केंद्राच्या नियमांनी बांधलेला आहे. नियम जितका सारखा, तितकी वही सामाईक करता येते, असा धडा मी त्यातून घेतला.

शिकारपूरची हुंडी

हे सारे वाचताना मला उल्हासनगरमधलीच एक जुनी ओळख आठवली. सिंधमधले शिकारपूर हे हुंडीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या पेढ्यांच्या हुंड्या कंदाहार आणि बुखाऱ्यापर्यंत वटत. फाळणीनंतर सिंधी माणूस इथे आला तो बहुधा रिकाम्या हातांनी, पण हा व्यवहार त्याच्या डोक्यात होता.

हुंडीतही नेमके हेच होते. बुखाऱ्याच्या पेढीला शिकारपूरची वही पाहायची गरज नव्हती. कागदाचा मजकूर ठरलेला, खूण ओळखीची आणि मागाहून हिशेब मिटवण्याची रीत पक्की, एवढ्यावर अनोळखी गावात पैसे मिळत. आपले रेशनकार्ड आज धान्याची हुंडी झाले आहे.

पण हुंडीच्या व्यवहारात आणखी एक कागद असे. त्याचे नाव जिकरी चिठ्ठी. समोरच्या पेढीने हुंडी नाकारली तर काय? धारक परक्या गावात उभा, हातात न वटलेला कागद. म्हणून हुंडीबरोबर त्याच गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या नावाने चिठ्ठी देत, की ही हुंडी नाकारली गेली, तर आमच्या वतीने आपण ती स्वीकारावी. नकार मिळालेल्या माणसाला हुंडी लिहिणाऱ्याच्या गावी परत धाडायचे नाही, त्याची सोय नकाराच्या जागीच करायची, हा त्यामागचा विचार.

आमच्या रेशनच्या हुंडीला जिकरी चिठ्ठी नाही. धान्य राज्याची हद्द ओलांडून येते, तक्रार ओलांडत नाही.

नाव कोणी कापले

शेजाऱ्याच्या कार्डाचे काय झाले होते, ते गावाकडून कळायला दोन महिने गेले. गावात कार्डांची तपासणी झाली. तपासणीला आलेल्याने विचारले, ही तीन माणसे कुठे आहेत? आईने सांगितले, मुंबईकडे. त्याने तिन्ही नावांपुढे 'गावी राहत नाहीत' असा शेरा मारला आणि नावे गेली.

आता यातली विसंगती पाहा. एक देश एक रेशनकार्ड ही योजना आहेच मुळी गावी न राहणाऱ्यांसाठी. सरकारच्या एका वहीत हे तिघे दर महिन्याला उल्हासनगरात अंगठा लावत होते. दुसऱ्या वहीत ते गावी नाहीत म्हणून गळाले. दोन्ही वह्या संगणकात होत्या. नाव कापणाऱ्याला पहिली वही पाहण्याची सक्ती नव्हती, म्हणून त्याने ती पाहिली नाही.

तक्रार कुठे करायची? अन्न सुरक्षा कायद्यात कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे आणि कलम १६ प्रमाणे राज्य अन्न आयोग आहे. दोन्ही आपापल्या राज्यापुरते. महाराष्ट्रातला अधिकारी म्हणणार, नाव आम्ही कापले नाही. गावाकडचा अधिकारी म्हणणार, समोर या. कलम ८ म्हणते, की हक्काचे धान्य मिळाले नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा. पण कोणत्या राज्य सरकारने? धान्य नाकारले इथे, कारण घडले तिथे. शिवाय नावच कापलेले, तर तो कायद्याच्या भाषेत हक्कदारही उरला नाही.

शेवटी तो छठपूजेला गावी गेला. गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी मिळून खर्च किती झाला, हे त्याने मला सांगितले नाही, त्याची बायको म्हणाली, "काका, इतने में तो साल भर का चावल आ जाता." अर्ज केला, कागद जोडले आणि सात महिन्यांनी नावे परत आली. सात महिन्यांचे १०५ किलो धान्य आले नाही.

याखेरीज राज्यांच्या स्वतःच्या योजना कार्डाबरोबर फिरत नाहीत. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा 'आनंदाचा शिधा' दिला, तो राज्याच्या कार्डधारकांना. एकाच रांगेतल्या दोघांपैकी एकाच्या पिशवीत तो पडला, दुसऱ्याच्या नाही. राज्याच्या पैशाने दिलेली भेट राज्याने आपल्या लोकांना द्यावी, यात मला अन्याय वाटत नाही. पण ज्या हक्काचा पैसा आणि नियम दोन्ही देशाचे आहेत, तो हक्क वाचवण्याची व्यवस्थाही देशभर सारखी चालली पाहिजे.

नव्या वहीत काय हवे

हे आजच लिहिण्याचे कारण असे, की वही पुन्हा बदलते आहे. 'स्मार्ट-पीडीएस' नावाची केंद्राची योजना २०२३ पासून हाती घेतली गेली. धान्यखरेदी, पुरवठा आणि नियतन, रेशनकार्ड आणि दुकानांचे व्यवस्थापन, आणि अंगठ्यावरचे वाटप अशा चार भागांत सर्व राज्यांची वेगवेगळी सॉफ्टवेअर एका चौकटीत आणणे हा तिचा उद्देश आहे. म्हणजे २०१९ साली फक्त चार गोष्टी ठरल्या होत्या, आता पुष्कळ ठरणार. वही नव्याने आखली जात असते तेव्हाच तीत रकाना वाढवता येतो. मग तीस वर्षे कोणी हात लावत नाही, हे भांडारात काम केलेल्या कोणालाही विचारा.

माझ्या मते तीन रकाने वाढायला हवेत.

पहिला, नाव कमी करण्याआधी त्या माणसाने गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या राज्यात धान्य उचलले आहे का, हे पाहिल्याशिवाय प्रणालीने पुढे जाऊच देऊ नये. आणि नोटीस गावच्या घराला न लावता शेवटचा अंगठा जिथे लागला, त्या दुकानाच्या पावतीवर छापून यावी.

दुसरा, कोणत्याही राज्याच्या कार्डाची तक्रार कोणत्याही शिधावाटप कार्यालयाने नोंदवून घ्यावी, क्रमांक द्यावा आणि कार्डाच्या राज्याकडे पाठवावी. उत्तराची मुदत असावी. ज्या वाटेने 'किती शिल्लक' हा प्रश्न काही सेकंदांत जातो, त्याच वाटेने 'का कापले' हा प्रश्नही जाऊ शकतो.

तिसरा, बुडालेल्या धान्याचा भत्ता. तो आधी द्यायचा कोणी, आणि दोन राज्यांत वळता कसा करायचा, हे नियमात लिहिले जावे. किलोंचा हिशेब वळता होतो, तसा चुकीचाही व्हावा.

यात नवे तंत्र काही नाही. जिकरी चिठ्ठीइतकी ती जुनी कल्पना आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी, सोसायटीत, कारखान्यात बाहेरच्या राज्यातली माणसे काम करत असतील, तर दिवाळीच्या निमित्ताने एक काम जरूर करावे. 'मेरा राशन' ॲपमध्ये त्यांच्या कार्डावर घरातली सगळी नावे जागेवर आहेत का ते पाहावे. गावी जाण्याआधी पाहिले, तर एक खेप वाचते. आमच्या शेजाऱ्याची पावती मी दर महिन्याला पाहतो. या महिन्यात तीनही नावे होती.